छापलेल्या धातूवर भरवसा कसा ठेवायचा?

१. आत काय आहे, हे कळणार कसे?

धातूची पावडर लेसरने वितळवून, थरावर थर चढवत छापलेला भाग आज विमानाच्या इंजिनात बसतो, रॉकेटमध्ये बसतो आणि माणसाच्या खुब्यातही बसतो. हे ऐकल्यावर वाचकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: वरून धडधाकट दिसणाऱ्या या भागाच्या आत एखादी पोकळी राहून गेली असेल, तर ती कळणार कशी? प्रश्न अगदी रास्त आहे. तो विचारला जातो, कारण धातूची छपाई आता प्रदर्शनात ठेवण्यापुरती उरलेली नाही. जीई कंपनीने लीप या विमान-इंजिनासाठी इंधन फवारणारा नोझल छापायला घेतला, तेव्हा आधी सुमारे २० सुटे तुकडे जोडून होणारे काम एका तुकड्यात आले आणि वजन पाव हिश्शाने उतरले. आपल्याकडे इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले पीएस४ इंजिन ६६५ सेकंद पेटवून त्याची चाचणी घेतली. त्या इंजिनात १४ भागांच्या जागी एकच भाग आला, वेल्डिंगचे १९ जोड गेले आणि जिथे ५६५ किलो कच्चा धातू लागत असे तिथे १३.७ किलो पावडर पुरली.

१९ जोड गेले ही बातमी आनंदाची आहे, पण तपासणी करणाऱ्याच्या जागी उभे राहून ती पुन्हा वाचायला हवी. वेल्डिंगचे १९ जोड असतात तेव्हा दोष कुठे शोधायचा हे ठाऊक असते. एकेक जोड गाठावा, क्ष-किरणांनी पाहावा आणि नोंद करावी. छापलेल्या भागात मात्र लेसर पावडरच्या प्रत्येक कणावरून फिरलेला असतो. त्याने ओढलेली प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेशी आणि खालच्या थराशी वितळून जोडलेली असते. जोड नाहीसे झालेले नसतात. अख्खा भागच जोड झालेला असतो. हिशेब करून पाहा. १० सेंटिमीटर बाजूचा भरीव ठोकळा छापायचा आहे, दोन रेघांमधले अंतर ०.१४ मिलिमीटर आहे आणि थराची जाडी ०.०३ मिलिमीटर. ठोकळ्याचे घनफळ १० लाख घन मिलिमीटर. त्याला ०.१४ गुणिले ०.०३, म्हणजे ०.००४२ ने भागले की लेसरने ओढलेल्या रेघांची एकूण लांबी येते: सुमारे २३८ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुणे ते कोल्हापूर हा रस्ता. या सबंध लांबीत कुठेतरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी पोकळी राहिली आहे का, हा आपला प्रश्न.

त्याचे एक उत्तर गेल्या दशकात पुढे आले. यंत्राच्या आत कॅमेरे आणि इतर संवेदक बसवायचे, प्रत्येक थराची नोंद घ्यायची आणि त्या नोंदी वाचायचे काम डीप लर्निंग या तंत्रावर सोपवायचे. या उत्तरात किती दम आहे आणि ते कुठे तोकडे पडते, हे या प्रकरणात पाहू. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो: हे तंत्र अत्यंत मोलाचे आहे, पण आजच्या घडीला ते कुठे पाहायचे हे सांगणारा साक्षीदार आहे. भाग पास की नापास, हा निकाल देण्याइतका पुरावा त्याच्याकडे अजून जमलेला नाही.

२. पोकळी पडते कशी

छपाईची रीत आधी थोडक्यात. बंद पेटीत आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरलेला असतो. एक पाते १५ ते ४५ मायक्रॉन आकाराच्या गोल कणांची पावडर पातळ थरात पसरवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग काहीशे वॅटचा लेसर सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने हव्या त्या आकारावरून फिरतो. तो जिथे पडतो तिथे धातूचे एक इवलेसे डबके होते आणि लेसर पुढे सरकताच सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होऊन गोठते. मंच एका थराएवढा खाली जातो, पाते पुन्हा पावडर पसरवते. असे हजारो वेळा घडते.

डबक्याला उष्णता कमी मिळाली तर ते खालच्या थरापर्यंत पोचत नाही आणि दोन थरांच्या मध्ये न वितळलेली, चपटी, टोकदार कडांची फट राहते. याला अपुरे वितळणे म्हणू. उष्णता फार झाली तर धातू नुसता वितळत नाही, उकळतो. वाफेच्या दाबाने डबक्यात एक खोल, अरुंद विवर पडते. या विवराला कीहोल म्हणतात. ते स्थिर असेल तर बिघडत नाही. ते डळमळले की त्याचे टोक तुटून खाली बुडबुडा अडकतो आणि गोलसर पोकळी तयार होते. यांखेरीज पावडरच्या कणांतच आधीपासून कोंडलेला वायू असतो, डबक्यातून उडालेले ठिणगीसारखे थेंब शेजारी पडतात, उष्णतेच्या ताणाने भाग वाकून थराबाहेर डोके काढतो आणि पाते त्याला धडकते. काही मिश्रधातूंना थंड होतानाच भेगा पडतात.

यांपैकी सगळ्यांत घातक कोणता? वारंवार उलटसुलट ताण सोसणाऱ्या भागात भेग सुरू होते ती बहुतेकदा अशा पोकळीपासून. जपानचे यूकिताका मुराकामी यांनी दाखवून दिले की पोकळीचे घनफळ इथे फारसे महत्त्वाचे नसते. ताणाच्या दिशेने पाहिले असता तिचे जे क्षेत्रफळ दिसते त्यावर भागाचे आयुष्य ठरते, आणि पोकळी पृष्ठभागालगत असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून थरांच्या मध्ये आडवी पसरलेली चपटी फट उभ्या ताणाखाली फार वाईट. तेवढ्याच घनफळाची गोल पोकळी त्यामानाने सुसह्य.

इथे पहिला आक्षेप येतो. उष्णता कमी किंवा जास्त झाल्याने दोष येत असतील, तर ती नेमकी ठरवून टाकावी, पहारा कशाला? त्यासाठी एक सोपे सूत्र वापरतातही: लेसरची शक्ती भागिले वेग, रेघांमधले अंतर आणि थराची जाडी यांचा गुणाकार. २८० वॅट, सेकंदाला १२०० मिलिमीटर, ०.१४ आणि ०.०३ मिलिमीटर हे आकडे घातले तर दर घन मिलिमीटरला सुमारे ५६ ज्यूल येतात. पण शक्ती आणि वेग दोन्ही दुप्पट केले तरी उत्तर तेच ५६ येते, आणि डबके मात्र पार वेगळे वागते, कारण अधिक शक्तीखाली धातू उकळू लागतो. शिवाय एकाच भागात सगळीकडे परिस्थिती सारखी नसते. खाली भरीव धातू असेल तर उष्णता झटकन निघून जाते; बाहेर आलेल्या छज्ज्याखाली नुसती पावडर असेल तर ती अडकून बसते. कुठे उडालेला थेंब पडतो, कुठे धुराने लेसर अंधुक होतो. मापे कितीही काळजीने ठरवली तरी हे अपघात उरतातच.

३. तयार भाग स्कॅन करून का भागत नाही

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुग्णालयात जसा सीटी स्कॅन होतो तसा धातूच्या भागाचाही होतो, मग प्रत्येक भाग छापून झाल्यावर स्कॅन करावा. तो करतात. पण त्याची मर्यादा साध्या भागाकारातून दिसते. समजा भाग १०० मिलिमीटर रुंद आहे आणि क्ष-किरण टिपणाऱ्या पडद्यावर आडवे २००० ठिपके आहेत. सगळा भाग चौकटीत बसवायचा तर एका ठिपक्याच्या वाट्याला ०.०५ मिलिमीटर येतात. एखादी गोष्ट खात्रीने ओळखायला निदान तीन ठिपके लागतात असे धरले, तर ०.१५ मिलिमीटरपेक्षा लहान पोकळी हातची निसटणार. वर सांगितलेली चपटी फट रुंदीला मोठी असली तरी जाडीला काही मायक्रॉनच असू शकते, म्हणजे सगळ्यांत घातक दोष नेमका सगळ्यांत अवघड ठरतो. त्यात निकेलचे मिश्रधातू इतके दाट असतात की काही सेंटिमीटर जाडीतून क्ष-किरण जेमतेम पार होतात.

उच्च दाबाखाली तापवून पोकळ्या मिटवण्याचाही उपाय आहे. टायटॅनियमच्या भागांना सुमारे ९०० अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या हजारपट दाबाखाली काही तास ठेवतात. आतल्या बहुतेक पोकळ्या त्याने बंद होतात. पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या फटी मात्र होत नाहीत, कारण दाबाचा वायू त्यांच्या आतच शिरतो. आरगॉन कोंडलेल्या पोकळ्या मिटल्यासारख्या वाटल्या तरी पुढच्या तापवण्यात पुन्हा उघडू शकतात.

छपाईच्या वेळी मात्र एक संधी मिळते, जी ओतीव किंवा घडीव धातूत कधीच मिळत नाही. भागाच्या आतला प्रत्येक बिंदू काही सेकंदांसाठी पृष्ठभागावर असतो, उघडा. तेव्हा तो पाहून घेतला नाही, तर नंतर तो कायमचा झाकला जातो. ३००० थरांच्या भागाचे प्रत्येक थराचे दोन फोटो काढले, एक पावडर पसरल्यावर आणि एक लेसर फिरल्यावर, तर ६००० फोटो होतात. एवढे फोटो कोण पाहणार? माणूस शंभराव्या फोटोपर्यंत थकतो. हे काम यंत्राचेच.

४. न्यूरल नेटवर्क काय शिकते

माठ विकत घेताना गिऱ्हाईक तो बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा. आवाजाची कंप्रता किती असावी हे त्या माणसाला कुणी सांगितलेले नसते. त्याने अनेक माठ वाजवलेले असतात आणि त्यांतले कोणते पुढे गळले हे त्याला कळलेले असते. एवढ्यावर कान तयार होतो. डीप लर्निंगमध्ये हेच घडते: नियम लिहून द्यायचे नाहीत, उदाहरणे दाखवायची आणि प्रत्येक उदाहरणासोबत खरे उत्तर सांगायचे. कान तयार होण्यासाठी दोन गोष्टी लागल्या हे लक्षात असू द्या. वाजवणे ही एक, आणि कोणता माठ गळला हे कळणे ही दुसरी. पुढचे सगळे वाद या दुसऱ्या गोष्टीवर येऊन ठेपतात.

आता डीप लर्निंग ज्यावर चालते त्या न्यूरल नेटवर्कच्या आत काय घडते ते पाहू. संगणकाला फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. काळ्याला शून्य, पांढऱ्याला २५५. पावडरचा नीट पसरलेला थर म्हणजे १२०, १२१, ११९ असे जवळजवळ सारखे आकडे. या तक्त्यावरून एक छोटी खिडकी सरकवा आणि प्रत्येक ठिकाणी उजव्या आकड्यातून डावा वजा करा. सपाट पावडरवर उत्तर शून्याच्या आसपास येईल. पात्याला खाच पडून पावडरमध्ये चर उमटली असेल तर १२० शेजारी ६० येईल आणि वजाबाकी एकदम ६० ची. म्हणजे या साध्या खिडकीला कड ओळखता आली. न्यूरल नेटवर्कमध्ये अशा शेकडो खिडक्या असतात, एकीवर एक रचलेल्या. पहिल्या पातळीला कडा कळतात, पुढच्या पातळ्यांना त्या कडांपासून बनलेले आकार, त्याहून पुढे पोत आणि नमुने. खिडकीत कोणते आकडे ठेवायचे हे माणूस ठरवत नाही. सुरुवातीला ते कसेही असतात. नेटवर्क उत्तर देते, ते खऱ्या उत्तराशी ताडले जाते, जेवढी चूक झाली तेवढ्या प्रमाणात सगळे आकडे किंचित हलवले जातात, आणि हे लाखो वेळा करतात. शेवटी खिडक्या अशा बसतात की चूक कमीत कमी होते.

या पद्धतीचे सामर्थ्य २०१२ मध्ये प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत जगाला दिसले. धातूच्या छपाईला अधिक उपयोगी पडलेली रचना २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून आली. यू-नेट तिचे नाव, आणि ती बनली होती सूक्ष्मदर्शकातल्या पेशींच्या चित्रांसाठी. फोटोत दोष आहे की नाही एवढेच न सांगता, कोणता ठिपका दोषाचा आणि कोणता चांगल्या धातूचा, हे ती ठिपक्याठिपक्याला सांगते. उदाहरणे थोडी असली तरी ती बऱ्यापैकी शिकते. पोकळी कुठे आणि केवढी हे ज्याला हवे आहे, त्याला नेमके हेच हवे असते.

५. पाहणे, ऐकणे आणि क्ष-किरणांकडून शिकणे

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पावडरच्या थरांच्या साध्या फोटोंवर हे तंत्र चालवून दाखवले. पात्याची उसळी, पात्याने ओढलेली चर, पडलेला कचरा, वर डोके काढलेला भाग, अपुरी पसरलेली पावडर असे प्रकार नेटवर्कने वेगवेगळे ओळखले. हाच धागा पुढे ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत नेण्यात आला आणि तिथे पेरेग्रीन नावाची प्रणाली उभी राहिली, जी वेगवेगळ्या कंपन्यांच्या छपाईयंत्रांवर चालावी अशा बेताने रचली आहे. त्याच प्रयोगशाळेत छापलेले इंधन-जुडग्याचे चार ब्रॅकेट २०२१ मध्ये अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत बसवले गेले. चुकीला जागा नसलेल्या ठिकाणी छापील धातू पोचला, तो थराथराच्या नोंदींवर मेहनत घेणाऱ्या प्रयोगशाळेतून, हे मला महत्त्वाचे वाटते.

स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने डोळ्याऐवजी कान वापरला. लेसर फिरताना उठणाऱ्या ध्वनिलहरी टिपून त्यांनी चांगली, मध्यम आणि वाईट अशा तीन दर्जांची छपाई नेटवर्ककडून ओळखून घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अचूकता ८३ ते ८९ टक्क्यांच्या दरम्यान होती. पाणी भरल्यावर कळण्याऐवजी माठ चाकावर असतानाच ऐकून कळावे, असा हा प्रयत्न.

पण सगळ्यांत बोलके उदाहरण कीहोलचे आहे. डबक्याच्या पोटात विवर कसे डळमळते हे वरून दिसतच नाही. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाचे प्रचंड यंत्र अतिशय प्रखर क्ष-किरण तयार करते. त्यांच्या साहाय्याने वितळत्या धातूचा आरपार चलत्पट घेता येतो. २०१९ आणि २०२० मध्ये विवर कधी तयार होते आणि त्याचे टोक कसे तुटते, हे या चित्रणातून उलगडले. त्यानंतर २०२३ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी एकाच वेळी आतून क्ष-किरण आणि वरून उष्णता टिपणारा कॅमेरा असे दोन्ही लावले. बुडबुडा नेमका कोणत्या क्षणी अडकला हे क्ष-किरणांनी सांगितले. त्या क्षणी वरच्या चकाकीत कोणती थरथर होती हे नेटवर्क शिकले. मग क्ष-किरण काढून घेतले तरी नुसत्या थरथरीवरून बुडबुडा ओळखता येऊ लागला, मिलिसेकंदाच्या आत आणि जवळजवळ अचूक. या प्रयोगाचे मोठेपण नेटवर्कच्या रचनेत कमी आणि त्याला मिळालेल्या गुरूत जास्त आहे. सत्य काय ते सांगणारा इतका नेमका साक्षीदार बाकीच्या प्रयोगांना लाभत नाही.

६. खरे उत्तर कोणाकडे?

कारखान्यातल्या यंत्राला सिंक्रोट्रॉन जोडता येत नाही. तिथे सत्य दोन मार्गांनी मिळते. एक, माणसाने फोटो पाहून इथे दोष दिसतो अशी खूण करायची. दोन, छापलेल्या भागाचा सीटी स्कॅन करून खरोखर सापडलेल्या पोकळ्या त्या त्या थराच्या फोटोवर परत नेऊन मांडायच्या. पहिला मार्ग स्वस्त आहे, पण त्यातून नेटवर्क माणसाच्या नजरेला खटकणारी गोष्ट ओळखायला शिकते. ती जागा पुढे खरोखर पोकळी झाली की नाही हे त्यात कुठेच येत नाही. माठ वाजवणाऱ्याला गळका माठ कोणता ते न सांगता, कोणता माठ दिसायला वाकडा ते सांगावे, तसा हा प्रकार.

हा फरक बारीक वाटेल, पण छपाईत तो फार मोठा आहे, कारण थर एकमेकांना दुरुस्त करतात. थर ३० मायक्रॉनचा असला तरी डबके १०० मायक्रॉन खोल जाऊ शकते. म्हणजे एकच बिंदू साधारण तीनदा वितळतो. आज फोटोत दिसलेला खड्डा पुढच्या दोन थरांत भरून निघू शकतो. उलट, कीहोलचा बुडबुडा डबक्याच्या तळाशी अडकतो, म्हणजे ज्या थराचा फोटो चांगला आला होता त्याच्याही खाली. फोटो निर्दोष आणि भाग सदोष, किंवा फोटो सदोष आणि भाग निर्दोष, अशा दोन्ही जोड्या संभवतात.

दुसरा मार्ग, सीटी स्कॅनचा, अधिक प्रामाणिक आहे. पण तिथे फोटो आणि स्कॅन एकावर एक बसवावे लागतात. भाग थंड होताना आकसतो, मंचावरून कापल्यावर थोडा वाकतो. ०.१ मिलिमीटरची पोकळी शोधताना जुळणी ०.१ मिलिमीटरने हुकली, तर चांगल्या जागेवर दोषाचा शिक्का बसतो आणि दोषाच्या जागेवर चांगल्याचा. शिवाय स्कॅनला न दिसलेली चपटी फट नेटवर्कला निर्दोष धातू म्हणून शिकवली जाते. गुरूची आंधळी जागा शिष्याकडे जशीच्या तशी उतरते. म्हणून एखाद्या पद्धतीची अचूकता वाचताना मी पहिल्यांदा हे शोधतो की सत्य कोणी ठरवले आणि ते किती बारीक पाहू शकत होते.

याला जोडून आणखी एक अडचण आहे. एका गावच्या मातीचे माठ वाजवून तयार झालेला कान दुसऱ्या मातीला फसू शकतो. स्टीलवर शिकलेले नेटवर्क टायटॅनियमला, एका यंत्राच्या दिव्याखाली शिकलेले दुसऱ्या यंत्राच्या दिव्याखाली चुकते. थोड्या नव्या उदाहरणांनी ते सावरते, हे खरे. पण ती नवी उदाहरणेही कोणीतरी कापून किंवा स्कॅन करून मिळवावी लागतात.

७. ९९ टक्के म्हणजे किती?

समजा एका भागाच्या सगळ्या थरांचे मिळून १० लाख छोटे चौकोन केले आणि त्यांतल्या १००० चौकोनांत खरोखर दोष आहे. नेटवर्क ९९ टक्के दोष पकडते आणि चांगल्या चौकोनांपैकी फक्त एक टक्क्याला चुकून दोषी ठरवते. ऐकायला उत्तम. आता मोजा. १००० पैकी ९९० दोष सापडले, १० सुटले. चांगले चौकोन ९ लाख ९९ हजार. त्यांचा एक टक्का म्हणजे ९९९० खोट्या तक्रारी. एकूण तक्रारी १०,९८०, त्यांतल्या खऱ्या ९९०. म्हणजे दर शंभर तक्रारींत सुमारे नऊ खऱ्या. आणि काहीही न पाहता प्रत्येक चौकोनाला चांगला म्हणणारे निरुपयोगी नेटवर्क या भागावर ९९.९ टक्के अचूक ठरते! दोष दुर्मीळ असतात तिथे नुसत्या अचूकतेचा आकडा काहीच सांगत नाही. किती दोष सुटले आणि किती तक्रारी खोट्या निघाल्या, हे दोन आकडे वेगवेगळे मागायला हवेत.

यावर एक चांगले उत्तर आहे. तक्रार एकाच थरात आली तर दुर्लक्ष करावे, लागोपाठच्या तीन थरांत त्याच जागी आली तरच दखल घ्यावी. एका थरात खोट्या तक्रारीची शक्यता शंभरात एक असेल, तर तिन्ही थरांत योगायोगाने येण्याची शक्यता दहा लाखांत एक. शिवाय एका थरातला खड्डा पुढे भरून निघतो, तीन थर टिकलेला सहसा निघत नाही, त्यामुळे धातूच्या वागण्याशीही हा नियम जुळतो. माझ्या मते तंत्राची खरी ताकद इथे आहे. पण हिशेबातली एक अट विसरता येणार नाही: तिन्ही थरांतल्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. दिव्याची सावली प्रत्येक थरात त्याच जागी पडत असेल, तर खोटी तक्रारही प्रत्येक थरात तिथेच येणार.

मग शंभर टक्के दोष पकडले असे एखाद्या प्रयोगात म्हटले असेल तर? किती दोषांवर, हे विचारावे. दोष तपासणीच्या क्षेत्रात एक जुना दंडक आहे. तुमची पद्धत निदान ९० टक्के दोष पकडते हे ९५ टक्के खात्रीने सिद्ध करायचे, तर २९ ज्ञात दोष द्या आणि सगळेच्या सगळे २९ सापडले पाहिजेत. कारण ९० टक्केच क्षमता असलेली पद्धत नशिबाने २९ पैकी २९ पकडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. हीच खात्री ९९ टक्क्यांसाठी हवी असेल तर एकही न चुकता २९९ दोष पकडावे लागतात, आणि तेही प्रत्येक प्रकारच्या व प्रत्येक आकाराच्या दोषासाठी. पूर्ण वेगवेगळ्या २९९ अपुऱ्या वितळण्याच्या फटी, आकार माहीत असलेल्या, कापून खात्री केलेल्या, कोणत्या प्रयोगशाळेच्या कपाटात तयार असतात?

८. साक्षीदाराला न्यायाधीश करावे का

दोष छपाई चालू असतानाच दिसला, तर तिथेच लेसर पुन्हा फिरवून तो भरून काढावा, ही कल्पना मोहात पाडणारी आहे आणि प्रयोगांत ती करूनही पाहिली गेली आहे. तिच्या आड तंत्रापेक्षा विश्वासाची रीत येते. नासाने २०२१ मध्ये काढलेल्या छापील अवकाशभागांच्या मानकासह बहुतेक नियम असे बांधलेले आहेत की आधी छपाईची प्रक्रिया सिद्ध करा आणि मग ती गोठवा. पुढचे भाग त्याच प्रक्रियेने झाले म्हणून भरवशाचे. यंत्र प्रत्येक भागात स्वतःच्या मर्जीने मापे बदलू लागले, तर प्रत्येक भाग वेगळ्या प्रक्रियेने झालेला ठरेल आणि आधीच्या चाचण्यांचा आधार निसटेल. ही अडचण कायमची नाही. पण ती सोडवायला नेटवर्कने कोणत्या मर्यादेत काय करावे हे आधी सिद्ध करावे लागेल, आणि ते सिद्ध करायला पुन्हा तेच लागेल: खऱ्या दोषांची खरी उदाहरणे.

नेटवर्क कारण सांगत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये, असाही एक आक्षेप घेतात. मला तो तितका वजनदार वाटत नाही. अनुभवी तपासनीसही क्ष-किरणांच्या पट्टीकडे पाहून काही वेळा कारण न सांगता बोट ठेवतो, आणि आपण त्याला परीक्षा घेऊन, ज्ञात दोष समोर ठेवून प्रमाणपत्र देतो. नेटवर्कचीही तशीच परीक्षा घ्यावी. परीक्षेला लागणारी प्रश्नपत्रिकाच आज अपुरी आहे, ही खरी उणीव.

म्हणून सध्या योग्य वाटणारी व्यवस्था अशी. नेटवर्कने सगळे थर वाचावेत आणि संशयाच्या जागा दाखवाव्यात. त्या जागांवर सीटी स्कॅनची बारीक नजर फिरवावी. सगळा भाग चौकटीत न बसवता एवढाच तुकडा जवळून पाहिला की ०.०५ मिलिमीटरचा ठिपका ०.०१ वर आणता येतो. छपाई अर्ध्यावर असताना भाग वाचणार नाही हे कळले, तर ती थांबवून पावडर आणि दिवस वाचवावेत. कोणत्या कोपऱ्यात दोष पुन्हा पुन्हा येतात हे पाहून आकृतीच सुधारावी. भाग वापरायचा की नाही, हा निकाल मात्र स्कॅन, सोबत छापलेल्या नमुन्यांच्या ताण-चाचण्या आणि सिद्ध प्रक्रिया या तिघांवर राहू द्यावा, जोवर नेटवर्कने आपली २९ पैकी २९ ची परीक्षा प्रत्येक धातूसाठी दिलेली नाही.

भारतात आता रॉकेटची इंजिने छापली जातात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतही धातू छापणारी यंत्रे येऊ लागली आहेत. तिथे काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. नापास झालेला भाग भंगारात टाकू नका. तो कापा, घासून चकचकीत करा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, सापडलेल्या प्रत्येक पोकळीची जागा आणि माप लिहा, आणि ती नोंद त्या भागाच्या थरांच्या फोटोंसोबत एकाच ठिकाणी जपून ठेवा. ओक रिजने आपल्या नोंदींचे काही संच सर्वांसाठी खुले केले आहेत, तुमचेही करा. चांगले नेटवर्क कुठूनही उतरवून घेता येते, कापून खात्री केलेला दोष मात्र तुमच्याच टेबलावर तयार होतो.